पसंती कोणाची, पंप कोणाचा?

दमा आणि जुनाट फुप्फुसविकार यांवर श्वासावाटे औषध देणारी जी उपकरणे बाजारात आहेत, त्यांपैकी परिचारिकांना कोणते अधिक पसंत आहे, या विषयावर पाश्चात्त्य देशांतील वैद्यकीय नियतकालिकांतून गेली अनेक वर्षे पाहण्या प्रसिद्ध होत आल्या आहेत. प्रश्नावली वाटली जाते, चौकटींत खुणा होतात, टक्केवारी काढली जाते आणि अमुक उपकरण ‘वापरण्यास सोपे’ ठरल्याचा निष्कर्ष छापून येतो. यांतील काही पाहण्यांचा खर्च उपकरणे बनवणाऱ्या कंपन्याच उचलतात. डॉक्टरांच्या मागे उभ्या असलेल्या परिचारिकेला कोणीतरी मत विचारले, एवढ्यापुरती ही गोष्ट स्वागतार्ह आहे. परंतु प्रश्न विचारण्याच्या पद्धतीतच एक गफलत आहे. परिचारिका म्हणजे जणू दुकानाच्या फळीसमोर उभी असलेली गिऱ्हाईक, असे त्यात गृहीत धरलेले असते. तिच्या हाताखाली किती रुग्ण आहेत, पाळी किती तासांची आहे, कक्षातील कपाटात मुळात कोणती उपकरणे आली आहेत आणि ती कोणाच्या सहीने आली आहेत, या गोष्टींना त्या चौकटींत सहसा जागा नसते. या वगळलेल्या गोष्टींची किंमत कोण मोजतो, हे पाहायचे तर भिलाईतील खुर्सीपारसारख्या कामगारवस्तीतूनच पाहावे लागते.

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात झालेल्या करारातून भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले. त्या काळी देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे येथे आली. आंध्र, ओडिशा, बिहार, उत्तर प्रदेश येथून आली, तशीच हावड्याच्या रेल्वेमार्गाने नागपूर, भंडारा, गोंदिया भागांतील मराठी माणसेही आली. विदर्भ आणि छत्तीसगड १९५६ पर्यंत एकाच प्रांतात होते, त्यामुळे मराठी कुटुंबांना दुर्ग-भिलाई परका मुलूख वाटला नाही. खुर्सीपार ही या कारखान्याच्या सावलीतील वस्ती. कायम नोकरीतील कामगाराची घरे, निवृत्तांची घरे, आणि कंत्राटदाराच्या हजेरीपटावर दिवस मोजणाऱ्यांच्या खोल्या तेथे एकमेकींना लागून आहेत. गेल्या काही दशकांत कायम कामगारांची संख्या आटत गेली आणि भट्टीजवळचे, कोळशाजवळचे, साफसफाईचे काम अधिकाधिक कंत्राटी हातांकडे सरकले. औषधोपचाराचा हक्कही त्याच रेषेने दुभंगला. कायम कामगाराला कारखान्याचे सेक्टर नऊमधील मोठे रुग्णालय आहे. कंत्राटी कामगाराला नाव नोंदले असेल तर कर्मचारी राज्य विमा आहे, नसेल तर सरकारी दवाखाना किंवा पदरमोड.

ज्या विकाराची येथे चर्चा आहे तो ‘सीओपीडी’ या इंग्रजी आद्याक्षरांनी ओळखला जातो. श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात, फुप्फुसातील वायुकोशांच्या भिंती झिजतात, आणि झिजलेले परत भरून येत नाही. औषधाने नलिका थोड्या सैल होतात, धाप उतरते, रुग्णालयाच्या फेऱ्या कमी होतात, माणसाला जिना चढता येतो. २०१६ सालचे जे आकडे ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ने २०१८ मध्ये प्रसिद्ध केले, त्यांनुसार भारतात या विकाराचे साडेपाच कोटींहून अधिक रुग्ण होते. हा विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा रोग, असे सांगून हात झटकण्याची प्रथा जुनी आहे. ती वस्तुस्थितीला धरून नाही. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्येच ‘लॅन्सेट’मधून धूम्रपान न करणाऱ्यांतील सीओपीडीकडे जगाचे लक्ष वेधले होते. वर उल्लेखिलेल्या आकडेवारीत या विकाराने हिरावलेल्या निरोगी आयुष्यवर्षांपैकी ५३.७ टक्क्यांचा संबंध घरातील व बाहेरील हवेच्या प्रदूषणाशी, २५.४ टक्क्यांचा तंबाखूशी आणि १६.५ टक्क्यांचा कामाच्या ठिकाणच्या धुळी-धुराशी लावलेला आहे. पोलादाच्या गावात ही तिन्ही कारणे एकाच छातीत भेटतात. पाळीवर कोकभट्टी, रस्त्यावर वाहने, घरी सिगडी. वर विडी असली तर असली. स्त्रियांच्या वाट्याला यांतील सिगडी सर्वांत जास्त येते, आणि त्यांचा हा रोग कोणत्याही हजेरीपटावर दिसत नाही.

आता उपकरणांकडे वळावे. लोकांच्या तोंडी ज्याला ‘पंप’ म्हणतात तो म्हणजे दाबाखालील वायूच्या डबीतून मोजका फवारा सोडणारा इन्हेलर. अमेरिकेत रायकर प्रयोगशाळेने १९५६ मध्ये तो प्रथम बाजारात आणला. डबी हलवायची, श्वास सोडून रिकामे व्हायचे, ओठ घट्ट लावायचे आणि श्वास आत घेण्यास सुरुवात करताच बोट दाबायचे. श्वास मात्र सावकाश, खोल, आणि मग दहा सेकंद रोखून धरायचा. बोट आणि श्वास यांची गाठ पडली नाही तर औषध जिभेवर आणि टाळूवर बसते. दुसरा प्रकार कोरड्या पुडीचा. कॅप्सूल उपकरणात घालायची, फिरवून ती फोडायची किंवा टोचायची, आणि मग पूड स्वतःच्या श्वासाच्या जोराने ओढायची. येथे श्वास झपाट्याचा आणि ताकदीचा हवा. पंपाला जे पथ्य तेच पुडीला कुपथ्य. एकाच रुग्णाच्या पिशवीत एक पंप आणि एक पुडीचे उपकरण टाकून दिले की तो दोन्हींत एकच रीत वापरतो आणि एक औषध वाया जाते. तिसरे म्हणजे नेब्युलायझर, ज्याला लोक ‘मशीन’ किंवा ‘वाफ’ म्हणतात. औषधाच्या पाण्याचे धुके करून ते मुखवट्यातून नेहमीच्या श्वासाने आत जाते. रुग्णाला काही शिकावे लागत नाही. वेळ मात्र दहा-पंधरा मिनिटे लागतो, वीज लागते आणि भांडे दर वेळी धुवावे लागते.

या साध्या दिसणाऱ्या क्रियांत किती चुका होतात याची मोजदाद झालेली आहे. १९७५ ते २०१४ या चाळीस वर्षांतील चोपन्न हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी एकत्र करून २०१६ मध्ये ‘चेस्ट’ या नियतकालिकात एक आढावा प्रसिद्ध झाला. पूर्णपणे बरोबर वापर करणारे निघाले ३१ टक्के, आणि चाळीस वर्षांत त्यात सुधारणा नाही. दोनच वर्षांनी डॉक्टर, परिचारिका व इतर आरोग्य कर्मचाऱ्यांविषयी तसाच आढावा निघाला. त्यांच्यातील बरोबर वापर १५.५ टक्के. म्हणजे शिकवणाऱ्याचीच पाटी कोरी. हे वाचून परिचारिकांच्या अज्ञानावर बोट ठेवण्याचा मोह पुष्कळांना होतो. पण विचारावे असे आहे की तिला हे शिकवले कोणी? सरावासाठी औषधाविना रिकामी उपकरणे लागतात, ती कक्षात किती ठिकाणी ठेवलेली असतात? प्रात्यक्षिक दाखवायला बहुधा कंपनीचा प्रतिनिधी येतो आणि तो स्वतःच्या कंपनीचे उपकरण दाखवून जातो. पुढच्या वर्षी निविदा दुसऱ्या कंपनीला गेली की ते शिक्षणही कालबाह्य होते.

पसंतीचा प्रश्न येथे खरा उभा राहतो. पुष्कळ रुग्णालयांतील परिचारिका पंपापेक्षा मशीन पसंत करतात, हे रुग्णालयात चार दिवस काढलेल्या कोणालाही ठाऊक आहे. शास्त्र मात्र वेगळे सांगते. पंपाच्या तोंडाला ‘स्पेसर’ नावाची पोकळ नळी किंवा फुगीर भांडे लावले, तर फवारा त्यात थांबतो, बोट आणि श्वास यांची गाठ घालण्याची गरज उरत नाही, आणि दम्याच्या तीव्र झटक्यातही त्याचा परिणाम मशीनच्या तोडीचा असतो, असे कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या आढाव्यांत वारंवार दिसून आले आहे. मुलांच्या बाबतीत तर तातडीच्या कक्षातील मुक्काम त्याने कमी होतो. सीओपीडीच्या तीव्र अवस्थेतही मशीन निर्विवादपणे सरस असल्याचा पुरावा नाही. उलट मशीन भिंतीतल्या ऑक्सिजनवर चालवले, आणि सोयीसाठी ते तसे चालवले जाते, तर ज्या रुग्णांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो त्यांना जादा ऑक्सिजनचा अपायच होऊ शकतो. २०२० च्या साथीत धुक्यातून संसर्ग पसरेल या भीतीने कित्येक रुग्णालयांनी मशीन बाजूला ठेवून स्पेसर हाती घेतले, तेव्हा काम अडले नाही.

मग परिचारिकेची पसंती चुकीची का? हिशेब मांडून पाहावा. समजा, एका कक्षात चाळीस रुग्ण आहेत, पाळीला एकच परिचारिका आहे आणि बारा जणांना दर चार तासांनी औषध द्यायचे आहे. पंप व स्पेसरने द्यायचे तर एकेका रुग्णाजवळ उभे राहावे लागते. एक फवारा, चार-पाच श्वास, थोडी विश्रांती, पुन्हा फवारा. मध्ये त्याला खोकला येतो, तो घाबरतो, त्याला धीर द्यावा लागतो. सहा मिनिटे धरली तर बारा सक बहात्तर, आणि आठ तासांच्या पाळीत दोन फेऱ्या, म्हणजे जवळजवळ अडीच तास. मशीन लावून निघून जायला दोन मिनिटे पुरतात. बारा दुणे चोवीस. उरलेल्या वेळात सलाइन बदलायचे असते, इंजेक्शने द्यायची असतात, नोंदवही भरायची असते, आणि दाराशी आलेल्या नातेवाइकांच्या रागाला तोंड द्यायचे असते. या स्त्रीने मशीनच्या चौकटीत खूण केली तर ती उपकरणाविषयीची पसंती नव्हे. मनुष्यबळाच्या तुटवड्याची ती नोंद आहे. भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असे आहे, शिवाय रजेसाठी तीस टक्के राखीव. हे प्रमाण जेथे पाळले जाईल तेथे हाच प्रश्न पुन्हा विचारावा. उत्तर बदलेल, असे मानायला जागा आहे.

कारण परिचारिकेला जे माहीत असते ते प्रश्नावली रचणाऱ्याला माहीत नसते. खुर्सीपारच्या दृष्टीने पाहा. पंपाची डबी एकदम पूर्ण घ्यावी लागते, तर कॅप्सूलचे छोटे पाकीट घेता येते. रोजंदारीच्या माणसाला म्हणूनच पूड परवडते, आणि भारतात पुडीच्या साध्या उपकरणांचा एवढा प्रसार होण्यामागे हे एक मोठे कारण आहे. पण पूड ओढायला श्वासाचा जोर लागतो. आजार बळावलेला असताना, विशेषतः वयस्क आणि कृश स्त्रियांमध्ये, तो जोर पुरत नाही. कॅप्सूल अर्धी भरलेलीच बाहेर येते. ती उघडून पाहण्याची सवय लावते ती परिचारिका. पावसाळ्यात पूड ओलावा धरते आणि तिच्या गुठळ्या होतात. उपकरणात श्वास सोडणाऱ्या रुग्णाला हटकावे लागते ते याचसाठी. उन्हाळ्यात पत्र्याच्या छपराखाली, खिडकीच्या फळीवर ठेवलेली दाबाची डबी किती तापते याची कल्पना छत्तीसगडचा मे महिना पाहिलेल्याला असेल. संधिवाताने आखडलेल्या बोटांनी डबी दाबली जात नाही. ज्या पंपावर मात्रा मोजणारा आकडा नाही, तो औषध संपल्यावरही फुसफुसत राहतो आणि रुग्ण विश्वासाने रिकामी हवा ओढत राहतो. स्टेरॉइडच्या औषधानंतर चूळ भरायची असते, नाहीतर तोंडात बुरशी येते; हे एक वाक्य सांगायचे राहून गेले म्हणून औषधच सोडून देणारे रुग्ण असतात. काहीजण तर श्वासाची कॅप्सूल पाण्याबरोबर गिळतात. हा केवळ अडाणीपणा म्हणून हसण्याचा विषय नाही. २००८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला नेमक्या याच चुकीबद्दल जाहीर सूचना काढावी लागली होती.

त्यातच भाषेचा प्रश्न. औषधाच्या खोक्यातील घडीपत्रिका बारीक टाइपात आणि बहुतांशी इंग्रजीत असते. वस्तीत तेलुगू, ओडिया, भोजपुरी, छत्तीसगडी, मराठी बोलणारी माणसे. ‘सावकाश’ आणि ‘झपाट्याने’ हे दोन शब्द ज्याच्या त्याच्या भाषेत पोहोचवण्याचे काम परिचारिका हातवाऱ्यांनी, स्वतःचे गाल फुगवून, छाती भरून दाखवत करते. कोणत्याही भाषांतरापेक्षा हे अवघड भाषांतर आहे, आणि त्याला कोणत्याच वेतनश्रेणीत नाव नाही. छत्तीसगडात २००२ पासून मितानिन कार्यक्रम चालू आहे. देशातील आशा योजनेच्या आधी आलेला तो एक नमुना. या मितानिनींच्या हाती एक रिकामा पंप आणि एक रिकामे पुडीचे उपकरण दिले तर गल्लीतली निम्मी चूक गल्लीतच दुरुस्त होऊ शकेल. त्यासाठी त्यांना मानधनाच्या तुकड्यांवर न ठेवता शिकवावे आणि पोसावे लागेल, ही गोष्ट वेगळी.

खरेदीच्या टेबलावर मात्र हे सारे ज्ञान पोहोचत नाही. केंद्र सरकारच्या आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत श्वासावाटे घ्यायच्या औषधांपुढे ‘एमडीआय/डीपीआय’ अशी नोंद आढळते. पंप किंवा पूड, मध्ये एक तिरपी रेघ. यादी करणाऱ्यांचा हेतू दोन्ही उपलब्ध असावेत असाच असणार. परंतु निविदेच्या कारभारात त्या तिरप्या रेघेचा अर्थ ‘दोहोंपैकी जे स्वस्त ते’ असा होण्याचा धोका असतो. छत्तीसगडात सरकारी दवाखान्यांसाठी औषधखरेदीचे काम छत्तीसगड मेडिकल सर्व्हिसेस कॉर्पोरेशनकडे आहे. एकत्रित खरेदीची पद्धत मुळात चांगलीच. तमिळनाडूने १९९० च्या दशकाच्या मध्यापासून ती राबवून औषधांचे भाव खाली आणले. पण गोळी आणि इन्हेलर यांत फरक आहे. गोळीची कंपनी बदलली तरी गिळण्याची रीत बदलत नाही. इन्हेलरची कंपनी बदलली की उपकरण बदलते, फिरवण्याची दिशा बदलते, आणि सहा महिने खपून शिकवलेला रुग्ण पुन्हा पहिल्या इयत्तेत येतो. पंप खरेदी होतो आणि स्पेसर यादीत नसतो, हा आणखी एक प्रकार. बंदूक घेतली आणि काडतुसांचे पाहू म्हटले, अशातली ही गोष्ट.

स्पेसरच्या बाबतीत एक प्रयोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. दक्षिण आफ्रिकेत केपटाउन येथे डॉ. हेदर झार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अर्ध्या लिटरच्या प्लॅस्टिकच्या बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाच्या मापाचे भोक पाडून स्पेसर तयार केला आणि दम्याच्या मुलांवर त्याची नेहमीच्या विकतच्या स्पेसरशी तुलना केली. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आला. बाटली कामात कमी पडली नाही. शीतपेयाच्या कंपनीने फेकून दिलेले भांडे औषध कंपनीच्या भांड्याच्या बरोबरीने उतरले, हे वाचून कोणाही श्रमिकाला हसू फुटेल. तथापि या हुशारीचे गोडवे गाताना सावधही राहिले पाहिजे. बाटली ही कमतरतेवरची युक्ती आहे. तिला सरकारने धोरण बनवू नये. आणि ती बाटली कापायची, भोकाचे तोंड गुळगुळीत करायचे, धुवायची, हे काम कोणाच्या पाळीत बसवणार, हा प्रश्न पुन्हा त्याच स्त्रीपाशी येऊन थांबतो.

परिचारिकांची पसंती म्हणून जे सांगितले जाते ते किती उसने असते, याचा पुरावा श्रीमंत देशांतही सापडतो. ब्रिटनमध्ये बहुसंख्य रुग्ण पंप वापरत आले, स्वीडनमध्ये बहुसंख्य पूड. दोन्ही देशांतील माणसांची फुप्फुसे काही वेगळी नाहीत. कोणत्या देशात कोणती कंपनी घट्ट पाय रोवून बसली, पुडीचे एक नामांकित उपकरण स्वीडनच्याच कंपनीचे होते, आणि विमा किंवा सरकार कशाचे पैसे देते, यावर सवय ठरली आणि सवयीलाच पुढे पसंती म्हटले गेले. आता तेथे नवा मुद्दा निघाला आहे. पंपातील वायू पृथ्वीचे तापमान वाढवतात, म्हणून पुडीकडे वळा, असा सल्ला दिला जातो. मुद्दा खोटा नाही. पण जेथे रुग्णाचा श्वास पूड ओढण्याइतका उरलेला नाही, तेथे कोकभट्टीच्या धुराचा हिशेब लांबणीवर टाकून म्हाताऱ्या कामगाराच्या पंपाचा हिशेब आधी मागणे, हा न्याय अजब म्हणावा लागेल.

याहून वेगळे काही घडू शकते याचे उदाहरण भिलाईपासून फार दूर नाही. भिलाईच्या भट्ट्यांना लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली-राजहरा येथे जून १९७७ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात खाणकामगार मारले गेले. त्यांच्या स्मरणार्थ शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखालील खाणकामगार संघटनेने १९८३ मध्ये शहीद रुग्णालय सुरू केले. कामगारांनी स्वतःच्या वर्गणीने आणि श्रमाने ते उभारले. तेथे येऊन राहिलेल्या डॉक्टरांनी कामगारांच्या घरांतील स्त्री-पुरुषांनाच शिकवून परिचर्येच्या कामात तयार केले. नियोगींच्या राजकीय मार्गाशी कम्युनिस्ट चळवळीचे मतभेद होते. ते झाकण्याचे कारण नाही. २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत त्यांचा खून झाला, आणि १ जुलै १९९२ रोजी भिलाई पॉवर हाउस स्टेशनजवळ झालेल्या गोळीबारात कामगारांचे प्राण गेले, हा सर्व श्रमिकांचा सामायिक इतिहास आहे. येथे सांगायचे ते इतकेच, की ज्या रुग्णालयात परिचारिका खाणीच्याच वस्तीतून येते, तेथे रुग्ण कोणत्या धुळीत काम करून आला हे तिला विचारावे लागत नाही. तिच्या बापाच्या खोकल्यावरून तिला ते माहीत असते.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला डॉक्टरांच्या बाजूने: औषध कोणते हे डॉक्टर ठरवतात, परिचारिकेच्या मताला तेथे काय स्थान? औषध डॉक्टरांनी ठरवावे, यात वाद नाही. पण ते औषध छातीत उतरले की जिभेवर बसले, हे पाहणारी व्यक्ती दुसरी आहे, आणि तिच्या साक्षीवाचून निर्णय अपुराच राहतो. रुग्णाच्या श्वासाचा जोर मोजणारे लहानसे उपकरण मिळते. ते परिचारिकेच्या हाती देऊन, तिने तपासल्यावाचून पूड लिहू नये, असा शिरस्ता घालण्यात कोणाच्याही पदवीचा अपमान नाही.

दुसरा आक्षेप चळवळीच्या आतून येतो आणि तो अधिक गंभीर आहे. धूळ थांबवण्याची लढाई सोडून पंपाचा विचार करत बसणे म्हणजे मूळ सोडून पानांना पाणी घालणे, असे काही ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणतात. धूळ हेच मूळ, हे खरे. १२ जून २०१४ ची वायुगळती आणि ९ ऑक्टोबर २०१८ चा कोकभट्टीच्या वायुवाहिनीतील स्फोट या भिलाईच्या दोन दुर्घटनांनी माणसे एका दिवसात मारली, म्हणून त्यांची नोंद झाली. धूळ तेच काम वीस वर्षांत करते, म्हणून तिचा पंचनामा होत नाही. परंतु ज्याची फुप्फुसे आधीच गेली आहेत त्याला धूळ उद्या थांबली तरी आज श्वास हवा आहे. शिवाय या दोन लढाया वेगळ्या नाहीत. सिलिकोसिस, ॲस्बेस्टॉसिस, बिसिनोसिस हे विकार १९४८ च्या कारखाना कायद्याच्या अनुसूचीत व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदले गेले. सीओपीडी त्या यादीत आला नाही, कारण मालक विडीकडे बोट दाखवून मोकळा होतो. ब्रिटनमध्ये कोळसा खाणकामगारांचा जुनाट श्वासनलिकादाह आणि एम्फिसिमा १९९३ मध्ये भरपाईस पात्र व्यवसायजन्य रोग मानला गेला. त्यामागे युनियनची दीर्घ झुंज होती आणि खाणकामगारांच्या छातीच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी होत्या. येथे ती नोंद कोण ठेवणार? रुग्णाजवळ सहा मिनिटे उभी राहणारी परिचारिका त्या सहा मिनिटांत विचारू शकते: कोणत्या विभागात होता, किती वर्षे, तोंडाला काय बांधत होता, घरी कशावर स्वयंपाक होतो. तिच्या कागदावर त्यासाठी चार ओळी मोकळ्या असल्या पाहिजेत, आणि लिहायला वेळ.

पण त्यासाठी ती स्वतः उद्या कामावर असेल याची शाश्वती हवी. आरोग्यसेवेतील नेमणुका कंत्राटी करत नेण्याचे धोरण कारखान्यातल्या कंत्राटी पद्धतीचेच जुळे भावंड आहे. खाजगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या पिळवणुकीविषयी जानेवारी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला समिती नेमण्यास सांगितले. समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही दरमहा किमान २०,००० रुपये वेतनाची शिफारस केली आणि मोठ्या रुग्णालयांत सरकारी वेतनाशी बरोबरी सुचवली. अंमलबजावणी राज्यांवर सोपवली गेली आणि तेथेच ती रेंगाळली. दर अकरा महिन्यांनी करार संपणारी परिचारिका ज्या रुग्णाला शिकवते, तो पुढच्या थंडीत धाप लागून परत येतो तेव्हा त्याला ओळखणारे कोणी उरत नाही. हा विकार वर्षानुवर्षांचा. त्याची शुश्रूषा मात्र मुदतबंद.

२०२३ पासून असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या मार्गदर्शक सूचनांत सीओपीडी आणि दमा यांचाही समावेश झालेला आहे, म्हणजे मागणी करण्यासाठी सरकारचाच कागद हाती आहे. कर्मचारी राज्य विम्याच्या प्रादेशिक मंडळांवर कामगारांचे प्रतिनिधी बसतात. भिलाईत, आणि तितक्याच निकडीने चंद्रपूर, बल्लारपूर, कोराडी येथेही, या प्रतिनिधींनी पुढच्या बैठकीआधी आपल्या भागातील दवाखान्याचे औषधकपाट उघडून पाहावे. पंप आहे की पूड, स्पेसर किती, सरावाची रिकामी उपकरणे किती, गेल्या तीन वर्षांत कंपनी किती वेळा बदलली, आणि खरेदीच्या समितीवर कक्षात काम करणारी परिचारिका आहे काय, हे लिहून घ्यावे. लिहिताना पाळीवरच्या परिचारिकेला शेजारी बसवून घ्यावे, आणि तिच्या कक्षात त्या दिवशी किती रुग्ण आहेत, ही नोंद सर्वांत वर करावी.